सांगली सध्या डसेलडॉर्फला असतो

हॉस्टेलवर मुलांना नावं नसतात, गावं असतात. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "कुठला रे तू?" तुम्ही उत्तर देता आणि पुढची चार वर्षं तेच तुमचं नाव होऊन बसतं. आमच्या मजल्यावर असा एक सांगली होता, एक परळी होता आणि एक चिपळूण. मी पुण्याचा, पण पुण्याचे अकरा जण निघाले, म्हणून मला 'चष्मा' हे नाव मिळालं. त्या अकरातल्या पाच जणांना चष्मा होता. पण असो.

२०१९ मध्ये डिग्री झाली. सांगली सध्या डसेलडॉर्फला असतो. चिपळूण डलासला. परळी बेंगळुरूला. मी पुण्यातच आहे, म्हणजे हिंजवडीला जातो आणि हिंजवडीहून परत येतो, त्यात दिवस संपतो. चौघं एका जागी शेवटचे भेटलो ते डिसेंबर २०२३ मध्ये, परळीच्या लग्नात. तिथेही तो स्टेजवर आणि आम्ही पंगतीत. एरवी आम्ही शनिवारी भेटतो, रात्री साडेनऊला, डिस्कॉर्डवर.

साडेनऊ ही वेळ फार भांडून ठरलेली आहे. पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे डसेलडॉर्फला संध्याकाळचे सहा आणि डलासला सकाळचे अकरा. हे उन्हाळ्यात. हिवाळ्यात तिकडचे लोक घड्याळ तासभर मागे घेतात, आणि तेही सगळे एकाच दिवशी घेत नाहीत. मार्चमध्ये अमेरिका आधी बदलते, युरोप दोन-तीन आठवड्यांनी. मधल्या काळात आमच्यातला एक जण हमखास चुकीच्या वेळेला येतो. तो बहुतेक वेळा परळी असतो, ज्याचं घड्याळ मुळात बदललेलंच नसतं.

आम्ही गेम खेळतो. अठ्ठाविसाव्या वर्षी हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. ऑफिसात कुणी वीकेंडला ट्रेकला गेलो म्हणालं तर 'वा', मॅरेथॉन पळालो म्हणालं तर 'वा वा', आणि गेम खेळलो म्हणालं तर 'अजून?' घरी तर 'ऑनलाइन गेम' म्हटलं की रमीच्या जाहिराती आठवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, तेव्हा बाबांनी मुद्दाम फोन करून विचारलं, "तुमचं पण बंद झालं का रे?" आवाजात थोडी आशा होती.

पहिल्या वर्षी मिनी मिलिशिया होता. एकानं हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं आणि सहा जणांनी एकमेकांना गोळ्या घालायच्या. इंटरनेट लागत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. २०१५ साली एक जीबीचा पॅक महिनाभर पुरवावा लागायचा. जिओ यायला अजून वर्ष होतं. मेसच्या रांगेत, लेक्चरमध्ये मागच्या बाकावर, कुणाच्या तरी वाढदिवसाला केक यायची वाट बघताना, सगळीकडे तेच.

दुसऱ्या वर्षी बऱ्याच जणांकडे लॅपटॉप आले. मजल्यावर वर्गणी काढून आठ पोर्टचा स्विच आणला आणि खिडक्यांमधून केबल ओढल्या. विकतच्या केबल परवडत नव्हत्या, म्हणून क्रिम्पिंग शिकलो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पुढे नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलला हा क्रम विचारला तेव्हा आमच्या मजल्यावरचं कुणी अडखळलं नाही. काउंटर स्ट्राइकमध्ये 'डस्ट टू'चा प्रत्येक कोपरा आम्हाला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीपेक्षा जास्त पाठ होता.

पण आमचा खरा खेळ एज ऑफ एम्पायर्स टू. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: सुरुवातीला तुमच्याकडे तीन गावकरी असतात आणि काही मेंढ्या. मेंढ्या खायच्या, लाकूड तोडायचं, शेतं लावायची, घरं बांधायची, आणि तासाभरात घोडदळ घेऊन शेजाऱ्याच्या दारात जायचं. खेळताना चॅटमध्ये आकडे टाइप केले की आवाज येतात. ११ लिहिलं की खदाखदा हसण्याचा आवाज. त्यामुळे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजही कुणी हसण्याची इमोजी टाकत नाही. ११ लिहितो. फार हसू आलं तर ११११. परळीच्या बायकोला लग्नानंतर बरेच दिवस वाटायचं की हा कसला तरी कोड आहे.

शेवटच्या वर्षी पब्जी. चौघांचा स्क्वॉड, म्हणजे तो आमच्यासाठीच बनवलेला. आता मागे वळून बघताना वाटतं, तो खेळ फार चांगला होता असं नाही. पण डिग्रीनंतरचं पहिलं वर्ष, जेव्हा प्रत्येक जण नव्या शहरात एकटा होता आणि ते मान्य करायला तयार नव्हता, ते त्यानं ओढून नेलं. २ सप्टेंबर २०२० ला ११८ चिनी अ‍ॅपवर बंदी आली त्यात तोही गेला. मधल्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगाप्रमाणे आम्हीही लुडो किंग खेळलो, स्क्रिबल खेळलो. ऑफिसच्या एचआरने शुक्रवारी संध्याकाळी 'फन अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणून अमंग अस ठेवलं होतं. मॅनेजर खुनी निघाला आणि कुणीच बोललं नाही, तेवढं सोडलं तर लक्षात ठेवण्यासारखं काही नाही.

मग आम्ही पुन्हा एजवर आलो. २०१९ च्या शेवटी त्याची नवी आवृत्ती आली होती, आणि ऑनलाइन खेळायला आता कसल्या जुगाडाची गरज नव्हती. पूर्वी सुट्टीत घरून खेळायचं तर गेमरेंजर टाका, मग कुणाचा तरी राउटर अडायचा, अर्धी रात्र त्यातच जायची.

इथे थोडं इंजिनियरसारखं बोलतो, कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते डलास सरळ रेषेत १४ हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे जाऊन-येऊन किमान १४० मिलिसेकंद. कितीही पैसे टाका, यापेक्षा कमी होणार नाही. केबल सरळ रेषेत जात नाहीत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरतात आणि अर्ध्या जगाला वळसा घालतात, त्यामुळे आमच्यात आणि चिपळूणमध्ये प्रत्यक्षात अडीचशे-दोनशेसाठचा पिंग असतो. काउंटर स्ट्राइकसारख्या खेळात एवढ्या वेळात तुम्ही मेलेले असता. तिथे प्रत्येकाचा कॉम्प्युटर अंदाज बांधत पुढे पळतो आणि सर्व्हर मागाहून ठरवतो की खरं काय घडलं. एजमध्ये तसं नाही. त्याच्या नेटवर्किंगबद्दल पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांचा २००१ चा एक लेख आहे, '१५०० आर्चर्स ऑन अ २८.८'. प्रोग्रामर लोकांत तो बराच वाचला जातो. हजारो सैनिकांची जागा दर क्षणी पाठवणं त्या काळच्या मोडेमला शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ठरवलं की फक्त हुकूम पाठवायचे. प्रत्येक कॉम्प्युटर आपापला सगळा खेळ स्वतः चालवतो, आणि सगळ्यांनी तंतोतंत तेच चालवायचं. एखादं हरीण एका कॉम्प्युटरवर जराशा वेगळ्या जागी उभं राहिलं, तर काही मिनिटांनी तिथल्या गावकऱ्याचा भाला चुकतो आणि दोन्हीकडचे खेळ वेगळे होऊन तुटतात. यासाठी सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबावं लागतं. ज्याचं नेट सगळ्यात वाईट, त्याच्या वेगानं सगळे चालतात. कुणाचा कॉम्प्युटर अडकला तर सगळ्यांचे घोडे जागच्या जागी उभे.

त्याच लेखात एक निरीक्षण आहे जे मला फार आवडतं. अडीचशे मिलिसेकंदांचा उशीर खेळणाऱ्यांच्या लक्षातही येत नव्हता. उशीर जास्त असला तरी चालायचा, पण तो सतत तेवढाच हवा. कधी पटकन, कधी उशिरा, असं झालं की मात्र लोक वैतागायचे.

आम्ही चौघं एकमेकांना नुसतं 'कसा आहेस' विचारायला फोन करत नाही. केलाच तर समोरचा आधी घाबरून विचारतो, "काय झालं?" मुलींचं कसं असतं मला माहीत नाही, माझी बहीण तिच्या मैत्रिणीशी दीड तास बोलते आणि विचारलं की म्हणते, "काही विशेष नाही." आम्हाला हात गुंतलेले लागतात. लाकूड तोडता तोडता सांगली सांगतो की त्याला व्हिसाच्या ऑफिसातून पत्र आलंय. भिंत बांधता बांधता मी सांगतो की मुलगी बघायला जायचंय. त्यावर कुणी सल्ला देत नाही. कुणीतरी म्हणतं, "उजवीकडून घोडे येतायत," आणि दहा मिनिटांनी दुसरा कुणीतरी विचारतो, "मग जाणारेस का?"

२२ जुलै २०२१ ला गुरुवार होता. सकाळी सातच्या सुमारास ग्रुपवर चिपळूणचा मेसेज आला: "वाशिष्ठीचं पाणी गल्लीत आलंय. आई म्हणाली शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जातोय. आता फोन लागत नाहीये." डलासला तेव्हा बुधवारची रात्र होती, साडेआठ. तो मेमध्ये एमएस संपवून नुकता नोकरीला लागला होता.

चिपळूणला पूर नवा नाही. त्यांच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती, आम्ही सुट्टीत गेलो की काका ती दाखवायचे. पण दहा वाजेपर्यंत जे व्हिडिओ यायला लागले त्यात ओळखीची दुकानं फक्त पाटीवरून ओळखू येत होती. आम्ही नंबर वाटून घेतले. आई-बाबांचे, शेजाऱ्यांचे, मावसभावाचे, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचे. सगळे बंद. परळी लॉकडाऊनमुळे परळीलाच होता, तो कंट्रोल रूमचे नंबर लावत बसला. मी एकीकडे ऑफिसची मीटिंग म्यूट करून दुसरीकडे हेच. सांगलीच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं होतं, जर्मनीला जायच्या महिनाभर आधी. तो एकटाच शांत होता. म्हणाला, "टॉवरची बॅटरी गेली असणार. पाणी उतरेपर्यंत नाही लागणार. न लागण्याचा अर्थ तेवढाच आहे." हे त्यानं दिवसभरात पाच-सहा वेळा सांगितलं असेल, त्याच शब्दांत.

डिस्कॉर्ड चालूच होतं. कुणी फार बोलत नव्हतं. दुपारी बाराच्या आसपास चिपळूण म्हणाला, "काहीतरी लाव रे. मला नुसतं बसवत नाहीये."

पटकन कुणाला काही सुचलं नाही. मग परळीनं गेम होस्ट केला. चौघं एका बाजूला, कॉम्प्युटर विरुद्ध, लेव्हल सोपी. आम्ही त्या काळात आयलंड्सचा नकाशा खेळायचो, जहाजांच्या लढाया. परळीनं काही न बोलता अरेबिया निवडला. त्यात समुद्र नसतो, नदी नसते, नुसती वाळू आणि झाडं.

त्या दिवशी चिपळूणनं एकही सैनिक काढला नाही. नुसती शेतं लावत बसला. शेतं, घरं, पुन्हा शेतं. आम्ही तिघांनी त्याच्याभोवती भिंत घातली आणि शत्रू आला की बाहेरच्या बाहेर परतवला. मध्येच त्याचा फोन वाजायचा आणि तो खेळ पॉज करायचा. एकानं पॉज केलं की चौघांचं थांबतं. चार देशांत म्हणा, तीन देशांत म्हणा, चार स्क्रीनवर तेच गावकरी तसेच कुऱ्हाड उचलून उभे, आणि आम्ही हेडफोनमधून ऐकतोय. डलासचा कुणीतरी मित्र असायचा, काही कळलं का विचारणारा. "नाही रे अजून." मग पुन्हा चालू. असं किती वेळा झालं मोजलं नाही. तिकडे उजाडलं तेव्हा तो तासभर झोपला, लॅपटॉप तसाच चालू ठेवून. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता आणि कुणी कॉल बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन लागला. शेजाऱ्यांचा एक मुलगा पाण्यातून चालत कुठेतरी उंचावर गेला होता, रेंज आली तिथून त्यानं नंबर लावला आणि काही वेळानं परत तसाच काकूंना घेऊन गेला. चिपळूणनं फोन स्पीकरवर टाकला, का ते माहीत नाही. काकू रडत वगैरे नव्हत्या. वैतागलेल्या होत्या. फ्रिज उलटा होऊन तरंगत होता, मिक्सर सापडत नाहीये, तुझे बाबा पँट दुमडून पुन्हा खाली निघालेत, त्यांना तू सांग. मग म्हणाल्या, "आणि तुझ्या मार्कशीटा भिजल्या रे सगळ्या. आठही सेमच्या."

थोडा वेळ सगळे गप्प. मग गेमच्या चॅटमध्ये परळीनं ११ लिहिलं.

सांगलीकडे तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. त्याला सकाळी परीक्षा होती, हे त्यानं नंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

ऑगस्टमध्ये मी आणि परळी चिपळूणला गेलो. गाडीत खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, दोन फावडी. घरात गुडघ्याच्या खाली सगळीकडे वाळलेला चिखल, आणि २००५ ची रेघ नव्या रेघेच्या बरीच खाली. दोन दिवस आम्ही चिखल काढला. काकूंनी मला खूप दिवसांनी पाहिलं होतं, दाढी वगैरे वाढलेली, आधी ओळखलंच नाही. मी परळीला हाक मारली तेव्हा वळून म्हणाल्या, "सुट्टीत रात्री दोन वाजता स्पीकरवर 'डावीकडून आले, डावीकडून आले' म्हणून ओरडायचास तो तूच ना?" मार्कशीट त्यांनी एकेक करून दोरीवर वाळत घातल्या होत्या. तिसऱ्या सेमची शाई पसरून गेली होती. त्याला त्या सेमला बॅक होता, त्यामुळे फार कुणाला वाईट वाटलं नाही.

या वर्षी फेब्रुवारीत परळीला मुलगी झाली आणि शनिवार तिघांचा झाला. ते अपेक्षित होतं. एजला दोन्ही हात लागतात, सलग दीड तास लागतो, आणि त्याच्याकडे यातलं काहीच उरलं नव्हतं. ग्रुपवरही तो दिसेनासा झाला. आधी वाटलं, बाळ आहे, चालायचंच. पण तो ११ सुद्धा लिहीत नव्हता. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. दीड महिन्यानं एकदा मेसेज आला: "एका हातानं खेळता येईल असं काहीतरी काढा."

सांगलीकडे उत्तर तयार होतं. जर्मनीत गेल्यापासून त्याला बोर्ड गेमचं वेड लागलंय. डसेलडॉर्फच्या शेजारीच एसेन आहे, तिथे दर ऑक्टोबरला बोर्ड गेमची भलीमोठी जत्रा भरते, श्पील नावाची, आणि हा तिथून पिशव्या भरून आणतो. त्यानं आम्हा सगळ्यांना बोर्ड गेम अरीना या साइटवर ओढलं आणि कार्कासोन सुरू करून दिला. चौकोनी फरशा असतात. प्रत्येकाने आपल्या पाळीला एक उचलायची आणि आधीच्या फरश्यांना जुळेल अशी लावायची. रस्त्याला रस्ता, तटबंदीला तटबंदी. वर वाटलं तर आपला एक लाकडी माणूस ठेवायचा. बस. एका खेळीला अर्धं मिनिट. आणि पाळीची मुदत तुम्ही ठरवाल तेवढी. आम्ही तीन दिवस ठेवली.

मला वाटलं होतं, हा खेळ कुणी खेळणार नाही. यात बोलणं नाही, आरडाओरडा नाही, कुणी मरत नाही. चौघांचा एक डाव तीन-चार आठवडे चालतो. पण त्यात एक गंमत आहे. प्रत्येक खेळीची वेळ दिसते. परळीच्या खेळ्या पहाटे तीन-चाळीसला, चार-दहाला येतात. बाळ खांद्यावर, अंगठ्यानं फरशी फिरवायची, हे त्यानं सांगायच्या आधीच आम्हाला कळलं होतं. त्या वेळी डलासला संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. चिपळूण ऑफिसमधून निघता निघता लगेच आपली खेळी करतो. सांगली तिकडे झोपायच्या तयारीत असतो, तोही करतो. मी मात्र झोपलेला असतो, आणि सकाळी उठून बघतो तर तिघं माझ्यासाठी थांबलेले.

एप्रिलमध्ये एका रात्री परळीनं खेळीबरोबर चॅटमध्ये चार ओळी लिहिल्या. बायकोला बाळंतपणानंतर खूप त्रास होतोय, नुसता थकवा नाही, डॉक्टर दाखवतोय, औषध सुरू केलंय, घरी कुणाला पटत नाहीये. आणि शेवटी: "चष्म्या, तू फोन केलेलास. उचलायला जमलं नाही." पहिल्यांदा उत्तर आलं ते सांगलीचं. बेंगळुरूतल्या त्याच्या एका आतेबहिणीला यातून जावं लागलं होतं, तिचा नंबर. खाली चिपळूणनं लिहिलं होतं, "आईला पाठवू का दहा दिवस? ती विचारतच असते." मी सकाळी सहाला वाचलं, सातला फोन लावला, आणि या वेळी त्यानं उचलला.

काकू खरंच गेल्या. दहा दिवसांसाठी गेल्या आणि महिनाभर राहिल्या, आंबे घेऊन. परळीच्या बायकोशी त्यांचं जे काही बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही. आता ती बरी आहे, असं परळी म्हणतो. बरी म्हणजे किती, ते शनिवारच्या आवाजावरून कळलं असतं, पण शनिवारी तो अजून येत नाही. गेल्या महिन्यात तिनं स्वतःचं अकाउंट काढलं. नवऱ्याला पहाटे मोबाइलवर एवढं काय दिसतं ते बघायचं होतं म्हणे. आता पाच जणांचा डाव आहे, आणि ती आमच्या शहरांच्या तटबंद्या पूर्ण होऊ देत नाही. दर वेळी बरोबर नको तिथे फरशी लावते. सांगली तर चिडून जर्मनमध्ये काहीतरी लिहितो.

सध्याच्या डावात अठ्ठावीस फरश्या उरल्यात. चिपळूणची खेळी काल झाली, माझी आज सकाळी. आता परळीची पाळी आहे. त्याच्याकडे दोन दिवस अकरा तास आहेत.